बाबांच्या बाजूचा ब्रेक

ब्रेक मऊ लागतोय, असं बाबा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचं बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीही म्हणेल की एवढं साधं तुम्हाला कळलं कसं नाही. ब्रेकमध्ये खरोखरच हवा होती. ती काढली आणि त्याच दिवशी गाडी बरी झाली. त्यानंतरच्या चार महिन्यांत आम्ही एक बरी असलेली गाडी पुन्हा पुन्हा दुरुस्त केली, आणि माझे बाबा माझ्या डोळ्यांदेखत आजारी होत गेले. ते आता नाहीत.

आमची मोटार ट्रेनिंग स्कूल डिलाईल रोडच्या एका गल्लीत आहे. स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या चिन्हांचा तक्ता आणि दारात ‘एल’ लावलेली पांढरी गाडी. शिकवणारे आम्ही दोघं. सकाळच्या बॅचेस बाबांच्या, दुपारच्या बायकांच्या बॅचेस माझ्या. जेमतेम तीन वर्षं टिकलेलं लग्न मोडून मी लालबागच्या चाळीत परत आले, तेव्हा आई होती. ती रडली. बाबांनी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “चल गो, तुका क्लच शिकवतंय.”

तेव्हापासून आमच्यात जे काही बोलणं झालं ते गाडीवरून झालं. आई गेल्यावर तर दुसरा विषयच उरला नाही. मला त्यात काही खटकत नव्हतं. मी फटकळ बाई आहे. कुणी मनातलं बोलायला लागलं की मला नेमकी घासायची भांडी आठवतात. बाबाही तसेच. संध्याकाळी जेवताना टायरची हवा, इंजिनाचा आवाज, आरटीओची नवी तऱ्हा, एवढ्यावर आमचं छान चालायचं. शेजारीपाजारी म्हणायचे, बापलेकीचं किती गूळपीठ आहे. मलाही तसंच वाटायचं.

शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. तो एका तारेने उजवीकडच्या मुख्य ब्रेकला जोडलेला असतो, त्यामुळे इकडे दाबलं की तिकडचं पेडलही खाली जातं. बाबांनी त्या डाव्या ब्रेकवर पस्तीस वर्षं पाय ठेवला. त्यांचा पाय म्हणजे आमच्या गल्लीतलं मोजमाप होतं. टॅक्सीवाले, टेम्पोवाले मुद्दाम थांबायचे आणि म्हणायचे, मास्तर, जरा बसून बघा ना. बाबा बसायचे, दोनदा पेडल दाबायचे, डोळे मिटून थोडं थांबायचे आणि दोष सांगायचे. तो चुकल्याचं मला आठवत नाही. आम्हाला नडलं ते हेच. सगळ्या गाडीवर आम्ही संशय घेतला, त्यांच्या पायावर घ्यावा असं एकाच्याही मनात आलं नाही.

पहिल्या वेळी मी स्वतः पेडल दाबून पाहिलं होतं. एकदा दाबलं की ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखं खाली जायचं, लागोपाठ तीनदा दाबलं की वर यायचं. तीनदा दाबून वर येतं म्हणजे आत हवा आहे, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. ब्रेक ऑइलचा डबा उघडला तर पातळी खाली गेलेली. मग चाकं तपासली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली.

आमचा मेकॅनिक कॉटन ग्रीनला, जुन्या गोदामांच्या रांगेत बसतो. चाळिशी ओलांडलेला माणूस, मितभाषी. गाडी चालवायला तो बाबांकडेच शिकला. त्याने ड्रम उघडला. आतल्या सिलिंडरचं रबर गेलं होतं, तिथून ऑइल बाहेर येत होतं आणि हवा आत जात होती. त्याने सिलिंडर बदलला आणि हवा काढायला घेतली. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाजवळ बसून बारीकसा नट सैल करायचा, म्हणजे नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येतात. नट पुन्हा आवळेपर्यंत आतल्याने पाय सोडायचा नाही. सोडला तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते.

“मी बसतो,” बाबा म्हणाले.

मेकॅनिक खालून हाका देत होता. दाबा, दाबा, दाबा, धरा. नट सैल झाला आणि खालून आवाज आला, “मास्तर, सोडलात काय? धरा म्हटलं ना.”

“धरलाय रे.”

“सुटला. हवा परत आत गेली.”

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा मेकॅनिक हसत उठला आणि मला म्हणाला, “ताई, तुम्ही बसा. मास्तरांचं लक्ष नाही आज.” मी बाबांना उठवलं आणि बसले. दहा मिनिटांत बुडबुडे थांबले. मग उरलेली तीन चाकं. शेवटी पेडल दगडासारखं लागलं. बाबांनी ते वाकून हाताने दाबून पाहिलं, दोन-तीनदा पाहिलं. परत येताना त्यांनी वाट वाकडी करून दादरला गाडी थांबवली आणि मला पियूष पाजलं. बाबा बाहेर कधी काही खात-पीत नसत, म्हणून लक्षात राहिलं.

आठवडा गेला असेल. जेवताना म्हणाले, “ब्रेक अजून मऊच लागता.”

मी दुसऱ्या दिवशी जाऊन दाबलं. घट्ट होतं. म्हटलं, उजवीकडचं घट्ट आहे आणि डावीकडचं मऊ लागतंय, म्हणजे मधली तार सैल झाली असणार. तार बदलली. बाबांनी दोन दिवस गाडी चालवून पाहिली. मग म्हणाले, नाही, उजवीकडे बसलो तरी तसंच लागतं. पाय पुढे जातो, पण ब्रेक येत नाही. परत कॉटन ग्रीन. मेकॅनिकने पेडलाला जोर देणारा बूस्टर तपासला. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबलं, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. पेडल जेवढं खाली जायला हवं तेवढं गेलं. बूस्टर चांगला होता. मग त्याने पेडल बराच वेळ दाबून धरलं. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर, म्हणजे ऑइल ढकलणारा मुख्य पंप, खराब. गेलं नाही. तरी तो म्हणाला, “मास्तरांचा पाय खोटं बोलणार नाही ताई. बदलून टाकू.” बदलला. मग ऑइलचे रबरी होज-पाइप फुगत असतील म्हणून चारही होज बदलले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आम्ही भक्तिभावाने बंब घेऊन धावत होतो.

त्याच दिवसांत बाबा आणखीही काही सांगत होते. ते मी वेगळ्या कानाने ऐकत होते, किंवा ऐकतच नव्हते. एकदा म्हणाले, चालताना चप्पल पायातून निसटते. मी म्हटलं, नवी घ्या, किती दिवस तीच घासताय. एकदा जिन्यात पडले, गुडघा फुटला. मी हळद लावली आणि वर ऐकवलं, “खाली बघून चढत जा, वरच्या मजल्यावर कोण अप्सरा उभी आहे?” ते हसले. जिना चढताना कठडा धरायला लागले, तेव्हा मी मनात म्हटलं, वय झालं. एवढंच म्हटलं आणि पुढे गेले. या एकेका गोष्टीला माझा अर्धा मिनिट गेला असेल. ब्रेकसाठी मात्र मी दुपारची बॅच रद्द करून तीन-तीन तास गोदामाच्या उन्हात उभी राहत होते.

चौथ्या की पाचव्या खेपेला माझा संयम सुटला. बाबा उजवीकडे बसले होते, पेडल दाबत होते, मान हलवत होते. मेकॅनिक माझ्याकडे बघत होता, आता काय उघडू, असं विचारत असल्यासारखा. मी म्हणाले, “पुरे झालं बाबा. गाडीत बदलायला आता फक्त माणूस उरलाय. पुढच्या वेळी तुम्हालाच इथे सोडून जाते, चारही चाकं उघडून बघू देत.” मेकॅनिक हसला. बाबाही हसले. मग हळूच उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या गाडीत मागे बसले. मी आरशातून पाहिलं, ते बाहेर बघत होते. मला वाटलं, रुसले. म्हटलं, रुसू देत.

गॅरेजमधलं ते वाक्य मी किती वेळा परत गिळायला पाहिलं ते माझं मला माहीत.

त्यानंतर बाबांनी ब्रेकचं नाव काढलं नाही. मी मनात म्हटलं, बघ, कान उपटल्यावर ब्रेक सुधारला. स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले. दीड महिना असा गेला.

मग एका सकाळी फोन आला. करी रोडच्या पुलावरून उतरताना आपली गाडी उभ्या टेम्पोला मागून टेकली होती. मी धावत गेले. कुणाला काही लागलं नव्हतं, नंबर प्लेट वाकली होती, टेम्पोवाला चार शिव्या देऊन निघूनही गेला होता. बाबा डाव्या सीटवर तसेच बसून होते. दार उघडं, पण उतरत नव्हते. शिकणाऱ्या बाई फुटपाथवर उभ्या होत्या. कॉटन ग्रीनच्या, पन्नाशीच्या, ब्लाउज शिवायचं काम करणाऱ्या; दुपार शिवणात जायची म्हणून बाबांच्या सकाळच्या बॅचला यायच्या. मी त्यांना विचारलं, काय झालं. त्यांनी मला थोडं बाजूला घेतलं.

“ताई, रागावणार नसाल तर सांगते. माझी चूक झाली, मी घाबरले. पण मास्तरांना ब्रेक मारायला उशीर झाला.”

“उशीर कसा झाला?”

“ते पाय हाताने उचलून ठेवतात ना, म्हणून.”

मला समजलं नाही. त्यांनी स्वतःच्या मांडीखाली दोन्ही हात घालून पाय उचलून दाखवला. “असा. उचलून पेडलावर ठेवतात आणि मग गुडघ्यावर हाताने दाबतात. महिना झाला बघतेय मी. मला वाटलं, म्हातारी माणसं असंच शिकवत असतील.”

मी गाडीकडे पाहिलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं की मला कळलं. दुसऱ्यांच्या पायांवर नजर ठेवायची, हाच माझा धंदा. कुणाची टाच उचलते, कोण चवड्यावर जोर देत नाही, कुणाचा पाय घाबरून आखडतो, हे मी बोलता बोलता टिपते. हजारभर बायकांचे पाय मी बघितले असतील. घरात एकच माणूस होता, त्याचा पाय मला एका परक्या बाईने दाखवला. मी गेले, वाकले, आणि त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून रस्त्यावर ठेवला. वजन असं नव्हतंच त्या पायात. पँटच्या आत पोटरी केव्हाच वितळून गेली होती.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणजे माझ्या निम्म्या वयाची मुलगी होती. तिने बाबांना टेबलावर झोपवलं, छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारलं, मग तळव्याला आपला पंजा लावला आणि म्हणाली, “आजोबा, माझा हात खाली ढकला.” बाबांना नीट उमगेना. मी म्हटलं, “बाबा, ब्रेक मारा.”

त्यांनी मारला. सगळा जीव लावून मारला. कपाळावरची शीर फुगली, ओठ आवळले गेले, गुडघा पुढे आला. त्या मुलीचा पंजा जिथल्या तिथे राहिला. फक्त बाबांचा घोटा हळूहळू दुमडत गेला. तेव्हा मला उलगडलं, पाय पुढे जातो पण ब्रेक येत नाही म्हणजे काय ते. पेडल खाली जातच नव्हतं. इतके महिने त्यांचा घोटाच मागे वळत होता, आणि त्या मऊपणाचं त्यांनी अगदी अचूक वर्णन केलं होतं. दोष सांगण्यात ते तेव्हाही चुकले नव्हते.

आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते मी मुद्दाम पाठ केलं नाही. नसा सुकत जातात. आधी एक पाय, मग दुसरा, मग हात, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. मी डॉक्टरांना विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर? ती म्हणाली, “खरं सांगू का, काही फरक पडला नसता.” हे तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. नातेवाईकही मला तेच सांगत राहिले, तू काय करणार होतीस, आणि मी मान हलवत राहिले. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. आजार बरा झाला नसता, कबूल. पण चार महिने हा माणूस सकाळी उठून, आपला पाय आपल्या हाताने उचलून, गाडीत जाऊन बसत होता. रात्री माझ्याबरोबर एका ताटलीतलं लोणचं खात होता. आणि त्याच्या घरात हे कुणालाही माहीत नव्हतं. मला कळलं असतं तर निदान त्या चार महिन्यांत तो एकटा पडला नसता.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मी सकाळची बॅच घ्यायचे आणि दुपारी घरी असायचे. डावी सीट माझ्या सवयीचीच, पण आता बाबांच्या वेळेला मी तिच्यावर बसत होते. सुरुवातीला ते मला जमेना. पेडलावर पाय ठेवला की हात आपोआप मांडीखाली जायचा आणि रडू यायचं. शिकणाऱ्या बायकांना वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. मेकॅनिक घरी येऊन गेला. बाबांच्या खाटेशी बसला आणि म्हणाला, मास्तर, मी तुमच्या पायावर विश्वास ठेवला. बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, हात अर्ध्यावरच राहिला. त्यानेच तो धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

बोलणं जड झालं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, खाली गल्लीत मंडपाचे बांबू उतरवत होते, त्याचा खडखडाट चालला होता. मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. पेज भरवायला वेळ लागायचा, एकेक घोट गिळेपर्यंत थांबावं लागायचं. अशा थांबण्याची मला सवय नव्हती, ती त्या वर्षात लागली. मी ठरवलं होतं की त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागायची. गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर बोलले होते, त्याची. पण तोंडातून आला तो प्रश्नच.

“बाबा, तुम्हाला कधी कळलं, गाडीत काही नाही ते?”

त्यांनी घोट गिळला. मग मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. शब्द सुटे सुटे येत होते.

“हवा काढलीस... त्याच दिवशी. हातान दाबून बघितलंय... घट्ट व्हता.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत? नुसतं गाडी, गाडी, गाडी. मला सरळ सांगायचं ना, पाय जातोय म्हणून.”

माझा आवाज चढला होता. अजूनही, त्या खाटेशी बसूनही, मी त्यांच्यावर रागवतच होते. ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या नजरेत. एखादीला गिअर कुठे पडतो ते सांगावं, तसं त्यांनी मला सांगितलं.

“पायाचा सांगितलंय तर तू चप्पल घ्या म्हणतस. गाडीचा सांगितलंय की... तू थांबतस.”

मी पुढचा चमचा भरला. ते खरंच होतं.